किती प्रश्न सोडवले म्हणजे पुरे?

प्लेसमेंटचे दिवस जवळ आले की नात्यातल्या, ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, कोडिंग इंटरव्ह्यूसाठी किती प्रॉब्लेम सोडवायचे?" कुणी 'ब्लाइंड ७५' ही निवडक प्रश्नांची यादी अर्धी संपवलेली असते, कुणाचे लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर दीडशे झालेले असतात. सगळ्यांना माझ्याकडून एक आकडा हवा असतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. आकडा मी देत नाही, कारण आकड्याच्या भरवशावर मी स्वतः एकदा इंटरव्ह्यूला गेले होते.

त्या वेळी माझे चारशेच्या वर प्रश्न सोडवून झाले होते. रोजचे पाच, कधी सात. समोर बसलेल्या बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: पूर्णांकांचा ॲरे (ओळीनं मांडलेली यादी) दिला आहे, त्यात सलग घटकांची बेरीज 'के' इतकी कुठे होते का? वाचता वाचताच मी तो ओळखला. स्लायडिंग विंडो, म्हणजे यादीवरून सरकणारी खिडकी! बेरीज कमी पडली की उजवं टोक पुढे न्यायचं, जास्त झाली की डावं. दहा मिनिटांत कोड लिहून मोकळी झाले.

त्यांनी खाली तीनच संख्या लिहिल्या: ५, -३, २. 'के' म्हणजे ४.

माझ्या कोडनं ५ उचलला, तो ४ पेक्षा मोठा म्हणून लगेच सोडून दिला आणि शेवटी 'नाही' असं उत्तर दिलं. तिन्ही संख्यांची बेरीज ४ आहे हे तिसरीतलं मूलही सांगेल. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "ही पद्धत जेव्हा चालते, तेव्हा का चालते?" माझ्याकडे एक वाक्यसुद्धा नव्हतं.

उत्तर अवघड नाही. सगळ्या संख्या धन असतील तर खिडकी रुंदावली की बेरीज वाढते आणि आखडली की घटते. डावीकडची संख्या निर्धास्तपणे सोडून देता येते ती या खात्रीवर. एक ऋण संख्या आली की ती खात्री गेली. तिथे चालू बेरजा मांडायच्या: ०, ५, २, ४. प्रत्येक बेरजेतून 'के' वजा करायचा आणि ती संख्या आधी येऊन गेली आहे का, हे हॅशमॅपमध्ये, म्हणजे चटकन शोधता येईल अशा नोंदीत, बघायचं. ४ मधून ४ गेले, शून्य राहिलं, आणि शून्य तर अगदी सुरुवातीलाच आहे. ही पद्धतही मला पाठ होती, म्हणून जास्त वाईट वाटलं. दोन्ही किल्ल्या हातात होत्या, कुठली कुठल्या कुलपाची ते मी कधी बघितलंच नव्हतं.

तिथून मी सराव बदलला. ॲरे, स्ट्रिंग (अक्षरांची माळ), टू पॉइंटर (यादीवर दोन खुणा ठेवून चालायची रीत), हॅशमॅप यांची ओळख व्हायला प्रत्येकाचे चार-पाच प्रश्न लागतातच, त्याला पर्याय नाही. पण त्यापुढे नवा प्रश्न घेण्याआधी जुना पुरता खणायचा. तो कसा, ते सांगायला मी नेहमी एकच उदाहरण घेते. मी नाशिकची, त्यामुळे त्यात माझं थोडं प्रेमही आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले, आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. गणितातली मोठी पदवी नव्हती, कागद-पेन्सिल आणि संख्यांचा ध्यास होता. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येता आणि तिथेच राहता.

याचा प्रोग्रॅम लिहा, म्हणजे स्ट्रिंग, ॲरे आणि गणित तिन्ही एका प्रश्नात येतात. अंक सुटे करायचे, लावायचे, परत जोडायचे, वजाबाकी करायची. बहुतेक जण वीस मिनिटांत लिहितात, ३५२४ घालून बघतात आणि "झालं" म्हणतात. माझा आग्रह असतो की आता २१११ घाला. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. चौथा अंक गळला! पुढच्या फेरीत ९९९ वजा ९९९ शून्य, आणि मग शून्यच शून्य. कापरेकरांच्या कागदावर ही संख्या ०९९९ आहे. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पुढचं शून्य राखायला हवं हे प्रश्नात कुठेही लिहिलेलं नसतं. आणि ११११ दिली तर? ६१७४ ची वाट बघणारा लूप थांबणारच नाही. या दोन जागा ज्याला स्वतःहून सापडतात, त्याचा इंटरव्ह्यू घेताना मला आनंद होतो. आज मी टेबलाच्या पलीकडे बसते आणि कोडच्या पहिल्या रूपापेक्षा हेच बघते.

स्ट्रिंगचंही तसंच. 'पॅलिन्ड्रोम (उलटं वाचलं तरी तेच) आहे का ते तपासा' हा प्रश्न सगळ्यांनी केलेला असतो. मग मी "रामाला भाला मारा" देते. लहानपणापासून आपण ते उलटसुलट म्हणत आलो: रा, मा, ला, भा, ला, मा, रा. पण नेहमीचा प्रोग्रॅम म्हणतो, पॅलिन्ड्रोम नाही. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, 'रा' म्हणजे दोन खुणा, र आणि काना. सुरुवातीला र आहे, शेवटी काना आहे, पहिल्याच तुलनेत फरक पडला. "चिमा काय कामाची" घ्या, तर अक्षरं सुटी करूनही अडतं: पहिली चि ऱ्हस्व, शेवटची ची दीर्घ. कान मान्य करतो, प्रोग्रॅम करत नाही. इंटरव्ह्यूत मराठी वाक्य कुणी देणार नाही, पण तुलना नेमकी कशाची करायची हे विचारायची सवय इथे लागते. मोकळ्या जागा धरायच्या का? स्वल्पविराम? कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच मानायची का? हे प्रश्न कोड लिहिण्याआधी विचारायचे असतात.

गणिताच्या प्रश्नांना मुलं उगीच घाबरतात. १०० च्या फॅक्टोरियलच्या, म्हणजे १ ते १०० च्या गुणाकाराच्या, शेवटी किती शून्यं? गुणाकार करायचाच नाही. शून्य येतं ते दोन गुणिले पाचमधून, आणि दोन भरपूर असतात, म्हणून पाच किती वेळा येतो ते मोजायचं: पाचाच्या पटीतल्या २० संख्या, आणि २५ च्या पटीतल्या ४ संख्यांमध्ये तो आणखी एकदा, एकूण २४. जपायचं ते इंटच्या (प्रोग्रॅममध्ये पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकाराच्या) मर्यादेला, २,१४,७४,८३,६४७. बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधताना) दोन टोकांची बेरीज करून निम्मी करताना ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जावाच्या लायब्ररीतच ही चूक जवळपास नऊ वर्षं होती, २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉख यांनीच ते जाहीरपणे लिहिलं. इतक्या जाणत्यांकडून राहून जातं, तर आपण आपला कोड मोठ्या संख्येवर तपासायलाच हवा.

मराठी माध्यमातून आलेली मुलं आणखी एक विचारतात: इंग्रजीत मोठ्यानं विचार कसा करायचा? आधी मराठीत करा. एका प्रश्नाला तीन दिवस द्या. पहिल्या दिवशी वही आणि पेन, लॅपटॉप बंद. दुसऱ्या दिवशी आपलंच उत्तर मोडायचा प्रयत्न: रिकामा ॲरे, एकच घटक, सगळे सारखे, ऋण, खूप मोठे. तिसऱ्या दिवशी घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सांगा, हे का चालतं आणि कुठे चालणार नाही. मी आईला सांगायचे. तिला ॲरे माहीत नव्हता, पण "मग हे का सोडून दिलंस?" हे ती बरोबर विचारायची. का ते मराठीत पक्कं झालं की इंग्रजीत साधी वाक्यं पुरतात.

गेल्या वर्षी सिन्नरच्या एका मुलीला मी कापरेकरांचाच प्रश्न दिला होता. तिनं चार अंकी लिहिला, मग आपणहून तीन अंकी केला आणि ४९५ सापडल्याचं कळवलं. मग दोन अंकी. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, प्रोग्रॅम थांबतच नाही, चूक कुठे आहे दिसत नाही. मी म्हटलं, वहीवर करून बघ. थोड्या वेळानं पानाचा फोटो आला. वर्तुळात पाच संख्या आणि मध्ये बाण: ०९, ८१, ६३, २७, ४५, आणि परत ०९. खाली तिनं लिहिलं होतं, "ताई, चूक नाहीये. हे फिरतंच आहे. येऊन गेलेल्या संख्या सेटमध्ये ठेवल्या की थांबवता येईल." आणि लगेच दुसरा मेसेज: "पाच अंकी करून बघू?"