निपाणी ते जांबोटी: गाडीला लाइट जोडताना

बेळगाव जिल्ह्यात निपाणी सोडून चिकोडीकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि विहिरी-विहिरींवर मोटर. आमच्या कॅम्पर व्हॅनला रात्रीची लाइट मिळते ती अशाच मळ्यातल्या घरांतून, आणि तिथलं व्होल्टेज ठरतं मोटारींवर. पंपांना लागणारी थ्री फेज वीज आली की डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि शेवटच्या खांबावरच्या घरात २३०चे १७० होतात. म्हणून पोचल्यावर पहिला प्रश्न, "थ्री फेज किती वाजता येते?"

"रातचं येतंय. तवा बल्ब पिवळा पडतोय बघा."

वायर जोडण्याआधी मल्टिमीटर काढायचा. फेज-न्यूट्रल, म्हणजे वीज येणारी आणि परत जाणारी तार, यांच्यातलं व्होल्टेज आधी काही लोड न लावता मोजायचं, मग पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड पाण्याच्या बादलीत सोडून शेजारच्या सॉकेटवर पुन्हा. २१५चे २०८ झाले तर चालेल. २१५चे १८५ झाले, तर डीपीला बोल लावू नये. बहुधा वाटेतला सांधा ढिला किंवा घरातली वायर बारीक. रात्रभर लोड टाकला की तोच सांधा तापतो. मग न्यूट्रल-अर्थ. दोन-चार व्होल्ट ठीक, वीस-तीस दिसले तर न्यूट्रलवर संशय. तिन्ही फेज असलेल्या घरात रॉड लावल्यावर दुसरा एखादा दिवा मंद व्हायच्या ऐवजी उजळला, तर जोडूच नका. न्यूट्रल पूर्ण सुटला तर सिंगल फेजच्या वस्तूवर ४००च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात.

फेज-अर्थ मोजताना शून्य किंवा तरंगता आकडा आला, तर अर्थची पिन नुसती शोभेची. अशा ठिकाणी आम्ही दोन फुटी अर्थ रॉड ओल्या मातीत ठोकतो आणि गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) ठेवतो. गाडीचा पत्रा अर्थला बांधलेला हवाच.

केबल २५ मीटर, तीन कोअर, २.५ चौरस मिलिमीटर. १० अँपिअरला तिच्यात साधारण ४ व्होल्ट जातात. बाजारात मिळणाऱ्या ०.७५च्या एक्स्टेन्शनमध्ये १३. रीळ पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेलं तापतं.

स्टॅबिलायझर आम्ही काढून टाकला. कमी व्होल्टेज वर चढवताना तो लाइनमधून जास्त करंट ओढतो, म्हणजे मेल्या लाइनला आणखी मारतो, आणि व्होल्टेज त्याच्या मर्यादेखाली गेलं की बंद. त्याऐवजी बोटवाल्यांची रीत धरली: बाहेरची वीज फक्त चार्जरला, बाकी सगळं बॅटरीवर. चार्जर ९० ते २६४ व्होल्ट इनपुटचा, १२ व्होल्ट २० अँपिअर. १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची लिथियम बॅटरी रिकामी झाली तर पाच-साडेपाच तासांत भरते. चार्जर ओढतो फार तर साडेतीनशे वॅट, त्यामुळे १७०वरही त्याला फरक पडत नाही. फ्रिज थेट १२ व्होल्टचा, मिक्सर-लॅपटॉप इन्व्हर्टरवर. इंडक्शन शेगडी मात्र विसरायची, गॅसच बरा.

चार्जरच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर: खाली १५०, वर २६०, परत जोडायला १८० सेकंद. खालचा आकडा इतका कमी का, तर चार्जरला तो चालतो. प्रोटेक्टर मुख्यतः जास्तीच्या व्होल्टेजसाठी आहे.

खानापूर ओलांडून जांबोटीकडे गेलं की त्रास बदलतो. पावसात झाडाची फांदी तारेवर आली की लाइट जाते-येते, येताना दोन-तीन झटके देते. ते १८० सेकंद तिथे कामाला येतात. जांभ्या दगडात अर्थ रॉड शिरत नाही. परसातल्या केळीखाली, सांडपाण्याच्या ओलीत ठोकायचा.