तुम्ही विचारलंत म्हणून : मराठी टाइप करायचं तरी कशात?

‘तुम्ही एवढं मराठी टाइप करता, ते नेमकं कशात?’ आठवणी लिहायला बसलेल्या मावशीने हे विचारलं. सोसायटीचा वार्षिक अहवाल गळ्यात पडलेल्या सेक्रेटरींनी विचारलं. इतकी वर्षं फोनवरच कथा लिहिणाऱ्या आणि आता लॅपटॉप मिळालेल्या एका कॉलेजच्या मुलीनेही विचारलं. प्रत्येकाला एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव हवं असतं, जमलं तर फुकटचं. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, म्हणून ते एकदा नीट सांगते.

काहीही डाउनलोड करू नका. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मराठी आधीपासून आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येतं, पुन्हा दाबला की परत. मॅकमध्ये आणि लिनक्समध्येही अशी सोय आहे. या कीबोर्डच्या मांडणीला इनस्क्रिप्ट म्हणतात. मी तीच वापरते, आणि रोज पानभर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तीच शिकावी असं माझं ठाम मत आहे.

‘ते अवघड असतं ना पण?’ हा लगेच पुढचा प्रश्न. ही भीती टायपिंगच्या क्लासमधून आलेली आहे. तिथे ज्यांनी मराठी शिकलं ते रेमिंग्टनवर शिकले, आणि ती मांडणी मुळात टाइपरायटरची. टाइपरायटरला अक्षर कळत नाही, आकार तेवढा कळतो. कागदावर डावीकडून जे आधी दिसणार ते आधी मारायचं, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. काही अक्षरं अर्ध्या आकाराला काना लावून पुरी करायची. कुठला आकार कोणत्या बटणावर याला कारण यंत्राचं, भाषेचं नाही. त्यामुळे ते पाठच करावं लागतं. ज्यांनी केलं त्यांची बोटं आजही वाऱ्यासारखी फिरतात, आणि त्यांना मी कधीच ‘बदला’ म्हणत नाही. पण ज्यांची पाटी कोरी आहे त्यांनी तिथून सुरुवात करायचं काही कारण नाही.

इनस्क्रिप्टमध्ये आकारांच्या जागी उच्चार आहेत. आधी क, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी १९८६ मध्ये प्रमाण ठरवली आणि १९८८ मध्ये सुधारली. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम त्या काळात आधी आयआयटी कानपूरला आणि मग पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत झालं. मोहन तांबे हे त्यातलं मोठं नाव. सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड साध्या पीसीत बसवलं की विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आज आपण ज्याला गृहीत धरतो त्याची पायाभरणी पुण्यात झालेली आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता मांडणी बघा. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. बोटं टेकवून ठेवतो त्या मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. शिफ्ट धरलं की प चा फ होतो, क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ. डावीकडे त्याच ओळीत ओकार, एकार, पाय मोडायचं बटण, पहिली वेलांटी, पहिला उकार. पहिल्या वेलांटीच्या डोक्यावर, वरच्या ओळीत, दुसरी वेलांटी. पहिल्या उकाराच्या डोक्यावर दुसरा उकार. एक मात्रा खाली, दोन मात्रा तिच्या वर. मात्रेच्या बटणावर शिफ्ट धरलं की सुटा स्वर मिळतो : वेलांटीवर इ, उकारावर उ, कान्यावर आ. ‘स्त’ हवा असेल तर स, त्याचा पाय मोडा, मग त. ‘ज्ञ’ हवा असेल तर ज, पाय मोडा, मग ञ. पहिलीत बाईंनी फळ्यावर जे शिकवलं त्याच्या पलीकडचं इथे जवळजवळ काही नाही. शिवाय हीच मांडणी गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू लिप्यांनाही आहे : क चं बटण सगळीकडे क चंच.

रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत बोटं आपणहून जागेवर जायला लागतात. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, तो येऊ द्या. कीबोर्डवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर बाजारात मिळतात, ते मात्र घेऊ नका. ते लावले की नजर कायम खाली राहते आणि वेग कधी येतच नाही. मांडणीचं चित्र छापून पडद्याशेजारी टेकवून ठेवा.

यावर मला हमखास सांगितलं जातं की एवढा खटाटोप कशाला, रोमनमध्ये लिहिलं की आपोआप मराठी होतं की! होतं, हे खरंच आहे. २०१९ पासून विंडोजमध्येही अशी सोय आलेली आहे. रोमन अक्षरांची ही सवय आपल्याला लागली त्याला कारणंही तशीच होती. सुरुवातीच्या फोनमध्ये देवनागरी नव्हतीच. पुढे आली तरी एका एसएमएसमध्ये रोमन १६० अक्षरं मावायची आणि देवनागरी ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जाणार. ‘पोहोचले, काळजी करू नका’ एवढ्या निरोपाने एक तृतीयांश मेसेज खाल्ला जायचा. अख्ख्या पिढीने रोमनमध्ये मराठी लिहिलं ते यामुळे. इंटरनेटवरच्या मराठीचे सुरुवातीचे दिवसही बरहा आणि गमभन यांसारख्या, रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवणाऱ्या साधनांवर निघाले. घरापासून लांब राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांनी त्यांच्या जोरावर लिहायला सुरुवात केली, आणि त्या साधनांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण ती जुनी साधनं आणि आजची, यांच्यात मोठा फरक आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या साधनांत नियम पक्के होते. लहान लिपीतला एल म्हणजे ल, मोठ्या लिपीतला एल म्हणजे ळ, त्यात कधी बदल नाही. नियम शिकलात की तुम्ही जे ठरवाल तेच उमटणार. आजची बरीच साधनं अंदाज बांधतात. के, ए, एल अशी तीन अक्षरं दिलीत की काल, काळ, कल, कळ अशी रांग पुढ्यात येते आणि तुम्ही थांबून त्यातलं एक निवडायचं. प्रत्येक वाक्यात दोन-तीनदा असं थांबलं की वाक्याची लय हातातून जाते. शिवाय ल-ळ, न-ण, त-ट, ऱ्हस्व-दीर्घ हे भेद रोमनमध्ये लिहिताना तुम्ही स्वतः केलेलेच नसतात; ते यंत्र करतं आणि तुम्ही होकार देता. शाळकरी मुलांना सगळं लिखाण असंच करायची सवय लागली तर ‘ळ’ कुठे लिहायचा हे त्यांच्या हाताला कधी कळणारच नाही, याची मला खरीखुरी काळजी वाटते.

त्या कॉलेजच्या मुलीचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. तिच्या कथेतली आजी मालवणीत बोलते. ‘खंय’ आणि ‘माका’ हे शब्द ती लिहायची, आणि फोन दर वेळी दुसरंच काहीतरी सुचवायचा. अंदाज बांधणारं यंत्र त्याने जे जास्त वाचलंय तिकडे ओढतं, म्हणजे प्रमाण मराठीकडे, कधी कधी चक्क हिंदीकडे. अहिराणीतलं ‘मन्हा’ लिहिणाऱ्याचे हेच हाल, वऱ्हाडीत लिहिणाऱ्याचेही हेच. गावांची नावं, आडनावं, शेतीतले शब्द, सगळ्यांची तीच गत. इनस्क्रिप्ट तुम्हाला शब्दाची ओळख विचारत नाही. तुम्ही जी अक्षरं दाबाल ती त्याच क्रमाने उमटतात. बोलीत लिहिणाऱ्यांसाठी मला हे एकच कारण पुरेसं वाटतं.

फोनचा हिशेब वेगळा आहे. तिथे दोन अंगठ्यांनी लिहायचं असतं, त्यामुळे वर सांगितलेला डाव्या-उजव्या हाताचा फायदा मिळत नाही. मी जीबोर्डची, म्हणजे गूगलच्या कीबोर्डची, देवनागरी मांडणी वापरते. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या स्वरचक्राची कल्पनाही सुंदर आहे : क वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं आणि हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवायचं. पुस्तकातली बाराखडीच गोल करून ठेवलेली. आणि मावशीसारख्या, बोटं दुखणाऱ्या माणसाने तर बोलूनच लिहावं. मराठीतलं बोलून लिहिणं आता चांगलंच सुधारलंय. स्वल्पविराम सुटतात, माणसांची नावं चुकतात, पण ते नंतर दुरुस्त करता येतं. ऐंशीच्या घरातली बाई तिचं लग्नाआधीचं गाव फोनला सांगते आणि ते पडद्यावर उमटत जातं, यासाठी मी या तंत्रज्ञानाचे शंभर दोष माफ करीन.

मराठीची म्हणून जी खास अक्षरं आहेत त्यांची थोडी जास्त काळजी घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं, यात जेवणावळीचा फरक आहे. इनस्क्रिप्टमध्ये र वर शिफ्ट धरलं की ऱ मिळतो. त्याचा पाय मोडून पुढे य लिहायचा. ‘ॲ’ची गोष्ट आणखी वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हे अक्षर २००८ साली आलं. तोवर लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवायचे, आणि अजूनही कित्येक जण तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर. एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲ’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साधा शोध ‘सापडला नाही’ म्हणतो. तयार अक्षर मिळत असेल तर तेच वापरा.

ल आणि श यांचंही असंच काहीतरी आहे. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत. पण युनिकोडमध्ये हिंदीचा ल आणि मराठीचा ल एकच. दिसायचा कसा ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात आणि मजकूर मराठी आहे असं फाइलमध्ये नोंदवलेलं असेल तरच आपला ल समोर येतो. दुसरीतलं मूल पुस्तकात एक ल बघतं आणि टॅबवर दुसरा. मराठीतली ॲप आणि संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी ही एक नोंद न विसरता करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काम मिनिटभराचं आहे.

राहिला प्रश्न जुन्या मजकुराचा. दरवेळी कुणीतरी शेवटी विचारतंच : ‘आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीची फाइल आहे, उघडली की नुसता कचरा दिसतो, काय करू?’ तो कचरा नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, विंडोज २००० मध्ये तिची सोय आली, १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. पण छपाईचं जग त्याच वेगाने पुढे आलं नाही. पानं लावण्यासाठी सगळीकडे असलेल्या पेजमेकरला युनिकोड येत नव्हतं, त्यामुळे डीटीपीवाले वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टवरच राहिले. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर जंजाळ.

माझ्या ओळखीच्या एका छोट्या दिवाळी अंकाची कितीतरी वर्षांची पानं अशीच पडून आहेत. त्यांत कथा आहेत, गिरणगावावरचे लेख आहेत, आता हयात नसलेल्या माणसांच्या मुलाखती आहेत. त्यातलं एक वाक्यही शोधून सापडत नाही, कारण शोधणाऱ्या यंत्राला ते मराठी वाटतच नाही. महाराष्ट्रातल्या किती कपाटांत, किती सीडींवर असं लिखाण अडकलं असेल याचा विचार केला की माझी झोप उडते.

ते सोडवता येतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. मात्र तुमचा फॉन्ट नेमका कोणता ते माहीत हवं, कारण प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालताना तीन जागा आधी बघा : पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो. युनिकोडमध्ये हा क्रम बरोबर उलटा लागतो, आणि चुका तिथेच राहतात. त्यानंतर नवी फाइल, छापलेल्या पानांची पीडीएफ, जुनी मूळ फाइल आणि तो जुना फॉन्ट, असं सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत घराबाहेरच्या कुणाकडे तरी द्या. मूळ फाइल पुसू नका. उद्या जास्त चांगला कन्व्हर्टर आला तर तो तिच्यावरच चालवावा लागेल.