शेगावच्या वाटेवर गारपीट

२०२४ ला गजानन महाराजांचा प्रकट दिन ३ मार्चला होता, त्यामुळे फेब्रुवारी संपता संपता आमची दिंडी पायी शेगावला निघाली. अकोला सोडलं, गायगावच्या पुढं आलो अन् भरदुपारी अंधारून आलं. आधी वारं सुटलं, पताका धरता धरता पोट्ट्यांची धांदल, मग बोराएवढ्या गारा अन् बघता बघता लिंबाएवढ्या. विणेकरी काका वीणा पोटाशी धरून ओरडत होते, झाडाखाली कोणी थांबू नका रे! खरंच होतं ते, आदल्याच वर्षी एप्रिलमध्ये पारसला वादळात मंदिराच्या टिनशेडवर कडुलिंब पडून ७ भाविक गेले होते.

रस्त्याला लागूनच एक घर होतं, तिथं सगळे घुसलो. टिनावर असा आवाज की "गण गण गणात बोते" शेजारच्याले ऐकू येईना. घरातल्या आजी म्हणे, "बसा माउली, दूध नाही, कोरा चहा चालते ना?"

गारा थांबल्यावर घरमालक दादासोबत वावरात गेलो. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं, म्हणून रब्बीत जमिनीच्या ओलीवर हरभराच घेतात. अर्धा सोंगून पडलेला, अर्धा उभा. उभ्याचे घाटे फुटून दाणे काळ्या चिखलात रुतलेले, वेचायचे म्हटलं तर दाण्यासोबत मातीचा लोंदाच हाताले येत होता. हिमालयात बर्फ पाडणारे पश्चिमी झंझावात या दिवसांत कधी कधी मध्य भारतापर्यंत जोर धरतात, त्यात बंगालच्या उपसागरावरून दमट वारं आलं की आपल्याकडं गारा, म्हणजे तिकडं डोंगरात बर्फ अन् इकडं हरभऱ्याची माती.

सरकारी मदतीसाठी नुकसान निदान ३३ टक्के पाहिजे (२०१५ च्या आधी तर ५० होतं), पंचनामा कधी होईल ते तलाठ्याच्या हातात. एक रुपयावाला पीकविमा होता दादाचा, पण ७२ तासांत कळवायचं अन् मोबाइलले रेंजच नाही. आमच्यातला एक पोट्टा त्याच्यासोबत फोटो काढत, रेंज शोधत बांधाबांधानं फिरत राहिला, आम्ही पुढं निघालो. तक्रार नोंदवून तो रात्री कोणाच्या तरी मोटरसायकलवर निंबा फाट्याले येऊन मिळाला, तर पायी वारीत गाडीवर बसला म्हणून काकांनी त्याले सगळ्यांसमोर झापलं. मले नाही पटलं ते, अन् तसं मी काकांले तिथंच म्हटलं बी.