ठाण्याला पाठवा याला

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला एक जोक आयुष्यभर ऐकावा लागतो, पुण्याचं लग्न असो नाहीतर नागपूरचा मित्र, "कुठे राहता?" "ठाण्याला" म्हटलं की समोरचा लगेच "आत की बाहेर?" आणि स्वतःच खो खो हसतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यामुळे जोकही जवळजवळ तेवढाच जुना असणार. आता त्याच्याच थोड्या जागेवर ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन होतंय, म्हणजे उद्या हजारो लोक रोज तिथेच उतरणार, तेव्हा काय जोक मारतात बघू.

हसायला माझी ना नाही, पण याने एक घोळ झालाय. गुडघा दुखला की आपण सोसायटीच्या ग्रुपवर बिनधास्त डॉक्टरचं नाव विचारतो, पण रात्र रात्र झोप नाही, कशात राम वाटत नाही, नको झालंय सगळं, हे बायकोलाही सांगत नाही. सांगितलं तर ठाण्याला पाठवतील ना, आणि आम्ही तर आधीच ठाण्यात.

आता अंतराळवीर बघा. (मला याचं जरा वेड आहे, शुभांशू शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा मी ऑफिसचं काम सोडून मोबाईलवर लाइव्ह बघत बसलो होतो.) हजारोंतून निवडलेली, डोक्याने शांत म्हणूनच घेतलेली माणसं, पण नासा त्यांचं दर दोनेक आठवड्यांनी मानसतज्ज्ञाशी खासगीत बोलणं ठेवते. काही बिघडलंय म्हणून नाही हां, रोजचा व्यायाम असतो तसं हेही टाइमटेबलमध्येच, त्यामुळे कोणाला लाजायचं कारणच उरत नाही.

१९७३ च्या नोव्हेंबरात स्कायलॅबवर, म्हणजे नासाच्या तेव्हाच्या स्पेस स्टेशनवर, तिघं गेले, कार, गिब्सन आणि पोग, तिघांचीही पहिलीच वारी आणि मुक्काम ८४ दिवसांचा. खालून कामाचं शेड्यूल इतकं टाइट की नीट जेवायलाही फुरसत नाही, मग हे मागे पडायला लागले, मागे पडले म्हणून खालचे अजून मागे लागले, ते मागे लागले म्हणून यांच्या चुका वाढल्या. ऑफिसवाल्यांना यात नवीन काहीच नाही. शेवटी ३० डिसेंबरला कारने रेडिओवर सरळ विषय काढला, आमचं असं असं होतंय, तुमचं काय म्हणणं आहे ते पण सांगा, आणि दोन्हीकडच्यांनी मनातलं बोलून टाकलं. जेवणाच्या वेळेत काम लावायचं नाही, संध्याकाळ मोकळी सोडायची असं ठरलं आणि कामं उलट भराभर व्हायला लागली. पुढे लोकांनी याचा "अंतराळातला संप" करून टाकला, संपबिप काही नव्हता, माणसं बोलली होती फक्त.

स्पेस स्टेशन असतं साधारण ४०० किलोमीटर वर, म्हणजे सरळ रेषेत आपलं ठाणे ते पणजी. संध्याकाळी अंधार पडता पडता आमच्या घोडबंदर रोडवरून ते कधी कधी येऊरच्या डोंगरामागून वर येतं, न लुकलुकणारा ठळक ठिपका, चार-पाच मिनिटांत आभाळ पार. ते बघायला मला गच्ची लागते आणि गच्चीला कायम कुलूप, किल्ली सेक्रेटरी काकांकडे. मी दर वेळी कटकट करायचो, तर एकदा काकांनी शेजारच्या सोसायटीतला किस्सा सांगितला. कॉलेजचा एक मुलगा रात्री वर गेला, दार बंद, म्हणून तिथेच पायरीवर बसून राहिला. वॉचमन राउंडला आला, त्याने ना भाषण दिलं ना आरडाओरडा केला, शेजारी बसून सरळ विचारलं, "काय रे, जीव द्यायचं मनात आहे का?" मुलगा जो रडायला लागला तो घरचे येईपर्यंत. असं थेट विचारलं तर नसता विचार डोक्यात शिरेल अशी आपल्याला उगाच भीती असते, तसं होत नाही, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते. आणि ती टोकाची लाट पुष्कळदा थोड्याच वेळाची असते, तेवढ्यात एखादं कुलूप आडवं आलं, कोणी बोलायला बसलं तर ती ओसरते. मुलगा आता हिंजवडीत नोकरीला आहे म्हणे आणि तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घालतो. मी किल्ली आता मुकाट सही करून घेतो.

पुढे मागे मंगळावर माणसं जातील तेव्हा त्यांचं अवघड आहे, रेडिओला एका बाजूनेच ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे "कसा आहेस रे?" विचारलं तर उत्तराला पाऊण तासही लागू शकतो. पलीकडच्या बेडरूममधल्या पोराला तेच विचारायला आपण किती वेळ लावतो तो विषय वेगळा.

तर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं, टेली-मानसचा नंबर लिफ्टपाशी लावूया, १४४१६, मानसिक त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. एक काका म्हणाले, फ्लॅट बघायला येणारे काय म्हणतील, रेट पडेल. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पाण्याच्या टँकरची नोटीस वर्षभर लावता तेव्हा नाही पडत वाटतं?" ठराव पास. आता बोर्डवर टँकरचं टाइमटेबल, झुंबा क्लासची जाहिरात आणि मधोमध १४४१६, तेही चांगल्या जाड अक्षरात, नाहीतर कोणी झुंबाची फी विचारायला तिथेच फोन लावायचा.