चेमटलेला तांब्या

आमच्या माठावर स्टीलचा एक तांब्या असतो, एका बाजूनं चेमटलेला. बायको नवीन आणू म्हणली तर मीच नको म्हणलं.

दोन वर्षांखालची गोष्ट. सोयाबीनचा ढीग अंगणात होता, मी जिंतूरला गेलतो, जाताना पोराला बजावून गेलो की आभाळ आलं की ताडपत्री टाक. ते मोबाईलमध्ये गुंतलं, पाऊस आला आणि बराच माल भिजला. आता ज्यानं सोयाबीन विकलंय त्याला माहितीय, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की अडतीवर भाव पाडूनच मागतात. मी आलो, बघितलं आणि हातातला तांब्या भिरकावला, तो त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. बोटभर अंतर होतं. सोयाबीन दोन-तीन उन्हात वाळलं, पोराचं तसं झालं नाही.

त्याच्यानंतर माझ्या गाडीचा आवाज आला की घरातला टीव्ही बंद व्हायचा. मला वाटायचं धाक आहे, चांगलंय. आपल्याकडं हे लई चालतं, माणूस तापट आहे पण मनाचा चांगला आहे असं कौतुकानं सांगतात, पण लेकरं त्या मनापर्यंत येतच नाहीत, दारातूनच माघारी फिरतात. पोरगं सायकलवरून पडलं तर सुजलेला हात त्यानं मला कळू नये म्हणून आठ दिवस बाहीत लपवला. क्रॅक निघाला. त्या रात्री मला घास गेला नाही.

त्याच सुमाराला डोकं दुखायलं म्हणून बीपी बघितला तर 160/100. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, राग आला की शरीर भांडणाच्या तयारीला लागतं, अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, आणि हे रोजचंच झालं की हृदयावर ताण येतो. पहिला भर ओसरेपर्यंत तोंड उघडू नका म्हणले. पण तेवढा वेळच तर हातात राहत नाही.

तो वेळ मला आईनं दिला. ती नाथषष्ठीला पैठणला जाते. नाथांची गोष्ट सगळ्यांना माहितीय, गोदावरीत अंघोळ करून यायचे, एकजण अंगावर थुंकायचा, परत अंघोळ, परत थुंकणं, 108 वेळा झालं म्हणतात. मला वाटायचं ते संत, आपलं काय. आई म्हणली, "अरे, नाथ तिथं उभं राहून सोसत नव्हते, दर बारी पाण्याकडं जायचे. तू बी जाय की."

तेवढंच धरलं. कानशिलं तापायला लागली, दात आवळले की बोलणं अर्ध्यात सोडून हौदावर जायचं, पायावर दोन तांबे पाणी घ्यायचं. बायकोला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तिला वाटायचं रुसून गेले. आणि परत येऊन विषय बोलायचाच, नाहीतर तो आत साठतो न् चार दिवसांनी भलत्यावरच निघतो. दर वेळी जमत नाही, पोळ्याला चुलतभावावर ओरडलोच, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चुकलं म्हणलो, हे आधी कधी केलं नव्हतं.

मागच्या महिन्यात संध्याकाळी पोरगं स्वतःहून आलं. "पप्पा, मोटर जळली. व्होल्टेज कमी होतं तरी मी चालूच ठेवली."

कानशिलं तापली. हौदावर गेलो, परत आलो. ते तिथंच उभं होतं. म्हणलं चल, स्टार्टर दाखव, आणि आम्ही दोघं बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो.