पेशी गाठीत शिरली, पण कुठवर?

कार-टी पेशी, म्हणजे कर्करोग ओळखून मारण्यासाठी प्रयोगशाळेत बदल करून घडवलेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी), घन गाठीत कितपत शिरल्या, हे मोजणे वरवर वाटते तितके सरळ नाही. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधनातून आलेल्या आणि २०२३ साली मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ सारख्या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचारात कर्करोगाच्या पेशी रक्तात, अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत गाठता येतात. घन गाठीत मात्र रक्तवाहिनीची भिंत ओलांडून कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या दाट जाळ्यातून वाट काढावी लागते.

आमच्या प्रयोगशाळेत रुळलेली पद्धत अशी, की उंदराची गाठ बारीक चिरायची, कोलॅजेन तोडणाऱ्या कोलॅजिनेज या विकराने सैल करायची आणि सुट्या झालेल्या पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर, मोजायच्या. एकदा असा आकडा फार चांगला आला, तरीही गाठी वाढतच राहिल्या. मग त्याच गटातल्या दुसऱ्या गाठीचे मेणाच्या ठोकळ्यातून ४ मायक्रॉनचे काप काढून सीडी३ या टी पेशींवरच्या प्रथिनासाठी रंगवले. तपकिरी ठिपके, म्हणजे टी पेशी, गाठीच्या काठाशी ओळीने दाटले होते. आत दोन-तीन मिलिमीटर सरकले की केवळ इतर पेशींची निळी केंद्रके दिसत होती. पेशी सुट्या करताना जागेची माहितीच पुसली जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण खरे पटले ते त्या दुपारी.

शिवाय सीडी३ हे उंदराच्या स्वतःच्या टी पेशींवरही असते, म्हणून घडवलेल्या पेशींची वेगळी खूण शोधावी लागते. वाहिनीतच असलेल्या पेशी ओळखण्यासाठी गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी शिरेतून टी पेशींना चिकटणारे रंगीत प्रतिपिंड टोचतात. जी पेशी रंगली, ती अजून रक्तातच आहे असे धरतात.

रुग्णांच्या बाबतीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. शिरेतून कार-टी पेशी दिलेल्या १० रुग्णांपैकी ७ जणांची पुढे शस्त्रक्रिया झाली, म्हणून मेंदूतली गाठ प्रत्यक्ष तपासता आली. पेशी तिथे पोहोचल्याचे दिसले. पण त्याच गाठींत प्रतिकार दडपणारे रेणू आणि इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही वाढलेल्या आढळल्या.

आता आम्ही प्रत्येक पेशीचे काठापासूनचे अंतर मोजून १०० मायक्रॉनच्या पट्ट्यांत मांडतो, आणि तेही एका कापावर थांबत नाही, कारण ८ मिलिमीटरच्या गाठीत ४ मायक्रॉनचा काप म्हणजे दोन हजारांतला एक.