हॉलचा फॉर्म, चार चौकोन आणि इराणवरचा कार्यक्रम (माझा अनुभव)

पहिलंच सांगते, अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही. मी पहिल्या वेळी घेतला नाही आणि आठ दिवसांनी "मॅडम, असा अर्जच आला नाही" ऐकून परत आले.

मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. गेल्या सप्टेंबरात आम्ही दहा-बारा जणांनी मिळून इराणवर कार्यक्रम करायचं ठरवलं. 16 तारीखच पाहिजे होती, कारण 2022 मध्ये त्या दिवशी महसा जीना अमिनी गेली, 22 वर्षांची कुर्द पोरगी, हिजाबवरून तेहरानमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतली होती. त्यानंतर "बाई, जगणं, स्वातंत्र्य" ही मूळची कुर्दी घोषणा फारसी, अझेरी, बलूच सगळ्यांच्या तोंडी आली, आणि मला तेच पोरांना सांगायचं होतं, की इतकी वेगवेगळी माणसं एका हाकेला कशी आली.

माणसं जमवायला त्रास झाला नाही. तालमीतली पोरं, बिंदू चौकातले आमचे अण्णा (जुने डावे कार्यकर्ते), जैन बोर्डिंगमधला माझा एक विद्यार्थी, चर्चमधल्या एक काकू, आणि आमच्या गल्लीतले चाचा, जे मशिदीच्या ट्रस्टवर आहेत. वर्गणी पण दोन दिवसांत झाली. अडलं ते हॉलच्या ऑफिसात, हॉलचं नाव लिहीत नाही.

फॉर्मवर 'कार्यक्रमाचा प्रकार' म्हणून चार चौकोन होते, धार्मिक, राजकीय, सांस्कृतिक, शैक्षणिक, आणि टिक एकच करायची. आमचं शीर्षक होतं 'इराण: धर्मसत्तेकडून लोकशाहीकडं'. खिडकीवरचे म्हणाले, धर्म आलाय म्हणजे धार्मिक. दुसऱ्या दिवशी दुसरे होते, ते म्हणाले लोकशाही म्हणजे राजकीय, पोलिसांचा नाहरकत दाखला आणा. पोलिस ठाण्यात गेले तर हॉलचं पत्र दाखवा मग दाखला देतो, आणि हॉलवाले म्हणतात दाखला आणा मग पत्र देतो. कॉलेज सुटलं की मी तिकडंच, पावसात, गाडीच्या डिकीत फाईल गुंडाळून, असे सहा हेलपाटे झाले. शेवटी मी जरा आवाज चढवून म्हणलं, अहो धर्म आणि राज्य वेगळं असावं हाच विषय आहे, तुम्ही मला दोन्हीतलं एक निवडायला कसं सांगता? "मॅडम, टिक एकच." एवढंच उत्तर. अजून आठवलं की डोकं तापतं.

कारण इराणमध्ये हे दोन चौकोन खरंच एक केलेत आणि त्यात पिढ्या अडकल्यात. तिथं निवडणूक होते, संसद आहे, पण उमेदवार आधी 12 जणांच्या पालक परिषदेकडून चाळून येतात. त्यातले 6 धर्मशास्त्री सर्वोच्च नेता (देशात सगळ्यांच्या वर बसलेला धर्मगुरू) स्वतः नेमतो, उरलेले 6 कायदेतज्ज्ञ संसद निवडते पण यादी न्यायप्रमुखाची, आणि न्यायप्रमुखाला पण नेताच नेमतो. राज्यघटनेचं 177 वं कलम म्हणतं की घटना दुरुस्त करा पण राज्याचा इस्लामी पाया बदलता येणार नाही. 1979 च्या मार्चमध्ये सार्वमत घेतलं त्यात प्रश्न एकच, इस्लामी प्रजासत्ताक, हो का नाही. दुसरा पर्याय काय ते कागदावर नव्हतंच. त्यावेळी शहाच्या (म्हणजे इराणच्या राजाच्या) विरोधात डावे, उदारमतवादी, मौलवी, बाजारातले व्यापारी सगळे एकत्र होते, पण काय नको एवढ्यावर. पुढं काय पाहिजे आणि ते कुठल्या पद्धतीनं ठरवायचं, हे आधी ठरलंच नाही. 2023 मध्ये देशाबाहेरच्या विरोधी मंडळींनी महसाच्या नावानं सनद काढली, ती आघाडी पण काही आठवड्यांत फुटली.

आणि आमचं पण फुटायला आलंच होतं. ऑफिसनं हमीपत्र मागितलं, सगळ्यांच्या सह्यांचं, आणि सहीच्या वेळी चाचा थांबले. "बेटा, विषय इराणचा आहे खरं, पण पोस्टर बघून लोक म्हणणार मुसलमानांवर बोलायला लागलेत. मी सही करतो, पण मोहल्ल्यात मला उत्तर द्यावं लागतंय." तालमीतल्या एका पोरानं काहीतरी तोडून उत्तर दिलं, अण्णांनी त्याला गप्प केलं, त्या रात्री मला झोप नाही.

मार्ग चाचांनीच काढला. म्हणाले, एकाच धर्माला उभं करू नका, आपल्यापासून सुरू करा. मग 1899 चं वेदोक्त प्रकरण घेतलं, पंचगंगेवर खुद्द शाहू महाराजांना पुरोहितानं क्षत्रिय न मानता वेदोक्त मंत्र नाकारले ते. मग नेपाळ घेतलं, 2006 ला जनआंदोलन, त्याच वर्षी हिंदू राष्ट्र जाऊन धर्मनिरपेक्ष राज्य जाहीर, 2008 ला राजेशाही संपली. आणि मग इराण. नवीन शीर्षक 'राज्य कुणाचं? कोल्हापूर, नेपाळ, इराण'. सगळ्यांनी सह्या केल्या, चाचांची पहिली. फॉर्मवर मी शैक्षणिकला टिक केली, सोबत कॉलेजचं पत्र जोडलं, आणि खिडकीवर कुणी एक शब्द विचारला नाही! ते पत्र पहिल्या दिवशी जोडलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, तुम्ही पहिल्याच दिवशी जोडा. पावती हातात आली 14 तारखेला.

झेंड्याचं सांगायचं राहिलं. पोस्टरवर इराणचा कुठलाच झेंडा घेऊ नका, आत्ताचा पण नको आणि शहाच्या काळातला सिंह-सूर्याचा पण नको. हे आम्हाला पुण्यातल्या एका इराणी मुलीनं फोनवर सांगितलं, एक झेंडा बघून निम्मे लोक निघून जातात म्हणाली. ती बहाई धर्माची आहे, तिकडं बहाई मुलांना विद्यापीठात शिकू देत नाहीत म्हणून इथं आलेली. विद्यार्थी व्हिसावर असल्यामुळं स्टेजवर येणार नव्हती, आम्ही पण आग्रह केला नाही. तिनं ती घोषणा मूळ कुर्दीत कशी म्हणायची ते व्हॉइस मेसेजवर पाठवलं, "झिन, झियान, आझादी".

हॉल भरला. चाचांच्या घरातल्या बायका पुढच्या रांगेत होत्या आणि शेवटी माझ्या विद्यार्थिनींनी ती घोषणा म्हणली तेव्हा चर्चमधल्या काकूंनी माझा हात घट्ट धरला होता, मला बोलताच येईना.

अनामत रक्कम मात्र अजून परत मिळालेली नाही. मूळ पावती मागतायत, आणि ती मी त्यांच्याच खिडकीवर जमा केलीय, यावेळी आवक नंबर घेऊन.